दोनशेचं टाका

गॅरेजच्या सावलीत गाडी गप्प.
रोजचंच तिचं, परक्यापुढे मुकाट.
इनास मिस्त्री हात पुसत विचारतो,
"कसलो आवाज?"
आता तो मलाच काढून दाखवायचा.

मे महिना, कुडचडे, दुपारचा दीड,
खांद्याला पिग्मीची बॅग,
आणि मी ओठ आवळून म्हणते: ऊंऽऽऽऽ
मागच्या सीटखालून.
डासासारखा, पण एकच सूर धरून बसलेला,
तिळामळच्या चढावर गाडी दमते
तसा तो वर वर जातो.

टायर काढणारा पोरगा हसतो.
मी थांबत नाही.
टाकीचं झाकण फिरवलं की फुस्स,
गोटी सोडा फोडावा तसं.
बॉनेटमध्ये टक. टक. टकटक,
कुणी नखाने दार वाजवतंय,
उधार मागायला लाजणारं.
बंद केल्यावर बराच वेळ
खुडूक कोंबडीची कुरकुर.
आणि परवा सावर्ड्याच्या पुलावर
बंद पडली ती नुसती खोकतच राहिली,
मागे खनिजाचा ट्रक, ट्रकमागे ट्रक,
सगळे हॉर्न माझ्याच नावाने.
वीस मिनिटांनी आपली आपण सुरू झाली,
जसं काही झालंच नाही.

इनास डोळे मिटून ऐकतो.
पूर्वी लग्नांत ट्रॉम्बोन वाजवायचा म्हणे.
"हो सूर आदीं सकयल आसलो?"
होता. गेल्या वर्षी पुष्कळ खाली होता.
म्हणजे मीही ऐकत होते तर.

फुस्सचं काही नाही, तो सांगतो.
उन्हात पेट्रोल फुगतं, वाफ कोंडते,
दार उघडलं की कोण आत बसेल?
टकटक पण बरी.
साठलेली वाफ इंजिन थोडी थोडी गिळतं,
"तुमची पिग्मी कशी, तशी."
कुरकुर म्हणजे तापलेला पत्रा निवतोय,
त्याला निवू दे.

पण तो ऊं...
तो वाकून काटा बघतो.
काटा तांबड्या रेघेवर टेकलेला,
नेहमी असतो तिथेच.
"कितक्याचं घालता?"

दोनशेचं.
सकाळी दोनशेचं. संपलं की परत दोनशेचं.

"पंप टाकीत आसता, बाय.
पेट्रोलात बुडून राहिला तर थंड राहतो.
तुम्ही त्याला रोज उघडा टाकता.
तळाला घोटभर उरतं, तेच तापतं,
त्याची वाफ ओढत बसतो बिचारा.
ओढतो, आणि ओरडतो."

अकरा वर्षं मी दारोदार सांगत आलेय,
फातर्पेकरांच्या भुसारी दुकानात,
मासळीवाल्या झेलियाला, शिंप्याला,
रोज वीस टाका, रोज पन्नास टाका,
थेंबे थेंबे तळे साचे.
आणि माझ्याच सीटखाली
एक जण कोरड्या तळ्यात उभा राहून
हाका मारत होता.

पैसे किती, विचारलं तर म्हणाला,
नुसतं ऐकलं, त्याचं काय घ्यायचं?
वर त्याचे आजचे वीस माझ्या हातावर ठेवले.
मी पावती फाडली.

पंपावरचा मुलगा मला बघूनच
दोनशे दाबायला निघाला.
थांब, म्हटलं. अर्धी टाकी.
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.
आकडे धावायला लागले.
हजाराच्या पुढे गेले तेव्हा
मी हवेच्या मशीनकडे बघत उभी राहिले.

तिळामळचा चढ.
काच खाली. उन्हाची झळ.
सीटखाली कुणीच नाही.
इतकी शांतता, की बॅगेतली नाणी ऐकू आली,
वळणावर एका बाजूला सरकणारी,
मग दुसऱ्या.

पंधरा तारखेपर्यंत काटा परत खाली येईल.
येईलच. हिशेब मला कळतो.
फक्त आता तो सूर
कुठल्या चढावर लागतो, ते ठाऊक असेल.